मोतीबिंदूनंतरचे तीन दिवस

आबा, परवा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुमचं झालं होतं तसंच, मोतीबिंदूचं, बारामतीलाच, फक्त दवाखाना दुसरा. दुपारी ती पट्टी चाचपत उठून बसली आणि कॉटखाली वाकून शेळी शोधायला लागली. आपल्याकडची शेवटची शेळी विकून किती वर्षं झाली. मी नर्सबाईंना हाक मारली. त्या गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, वय झालेल्या माणसांचं ऑपरेशननंतर कधी कधी होतं असं; डोळा झाकलेला, जागा परकी, अंगात औषधं. डॉक्टरांना सांगते, तुम्ही जवळ बसून घरचं बोलत राहा, बहुतेकांचं दोन-चार दिवसांत निवळतं. मी बसलो, बोलत राहिलो. आज सकाळी तिनं, दाढी का केली नाहीस, म्हणून मला झापलं.

तुमच्या वेळी असं सांगणारं कुणी भेटलं नाही, असं मी परवापासून स्वतःला सांगतोय. तुम्ही वॉर्डात तांब्यातलं पाणी फरशीवर ओतलंत आणि हातानं त्याला वाट करून द्यायला लागलात, उसाला पाणी देताना करायचात तशी. वर मलाच म्हणालात, "आरं पाणी फुटलंय, माती वढ की." समोरच्या कॉटवरचे पाहुणे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही पट्टी ओढायला लागलात तेव्हा मी टॉवेलनं तुमचे हात कॉटला बांधले. तिसऱ्या दिवशी जीपनं घरी आणताना लासुर्ण्याला चहाला थांबलो. तुम्ही जीपमध्येच बसलेले, आणि मी ओळखीच्या माणसांना सांगत होतो, आबांचं डोकं गेलं. आपल्या निरवांगीत ती बातमी आपल्याआधी पोचली.

चौथ्या दिवशी पाटकरी आला, कॅनॉलच्या पाण्याची पाळी सांगायला. पाळीचं तो घरच्या कर्त्या माणसाशीच बोलायचा, म्हणून सवयीनं ओसरीवर तुमच्यासमोर बसला. बुधवारी पाणी घ्या म्हणाला. तुम्ही काळ्या चष्म्याआडून शांतपणे म्हणालात, "बुधवारी वरच्या वस्तीचं भिजतंय. आमची पाळी गुरवारी हाय." तो वही उघडायला लागला, तेवढ्यात मी मध्ये पडलो.

"आबांचं काय धरू नका. ते ठिकाणावर न्हाईत. हितनं फुडं माज्याशी बोलायचं."

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. तुम्ही चष्मा काढलात, माझ्याकडं बघितलंत आणि "बरं" म्हणालात.

पुढं नऊ वर्षं जगलात. सुईत दोरा ओवण्याइतका डोळा लख्ख होता तुमचा. बोलणंही सगळं जागेवर. तरी उसाच्या लागणीचं कुणी विचारलं नाही, बैल विकताना विचारलं नाही. नातीची सोयरीक ठरली तेव्हा तुम्हाला चहा आणून दिला, मत विचारलं नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत, आणि त्याचाच मला राग यायचा.

हे कुठं पाठवायचं नाही, आणि आईला वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त लिहितोय. नर्सबाईंचं घरी सांगितलं तर सगळे म्हणाले, तेव्हा आपल्याला कुठं ठाऊक होतं. मीही मान हलवली. पण आबा, पाळी गुरुवारची होती हे मला माहीत होतं. तुम्ही ताळ्यावर आलात हे त्या दिवशी ओसरीवर सगळ्यात आधी मलाच कळलं होतं. मला कारभार पाहिजे होता.