चर्चमधली दोरी

शॉमबर्ग, गुरु. १७ ऑक्टो.
सौ.च्या हृदयाची झडप बदलायचं नक्की झालं. पुढचा शुक्रवार. डॉक्टर म्हणाले, रोजचं काम आहे. त्यांचं रोजचं. मला जेवण गेलं नाही. चि. प्रशांतनं ठरवलंय, त्याआधी शनिवारी आईला फिरवून आणायचं. आयोवात चेक लोकांनी वसवलेलं जुनं गाव आहे, तिथलं दगडी चर्च बघण्यासारखं आहे म्हणे. मी म्हटलं, एवढा प्रवास कशाला? सौ. म्हणाली, "मग काय, आठवडाभर तुमचं तोंड बघत बसू?"

शनि. १९
लिहावं की नको.
गावात रस्त्यावर माणूस नाही. चर्चला लागूनच दफनभूमी. लोखंडी क्रूस, गंजलेले. सौ.नं आत जाऊन हात जोडले. दम लागला म्हणून परत गाडीत जाऊन बसली. प्रशांत फोटो काढण्यात. मी दारातून आत शिरलो तर डोक्याशी एक दोरी लोंबत होती. देवळात शिरताना हात आपोआप वर जातो, तसा गेला. ओढली. वर कुठंतरी घंटा वाजली. आवाज बारीक, पण गावभर गेला.

बाहेर आलो तर समोरच्या घरांची दारं उघडलेली. माणसं पायऱ्यांवर येऊन उभी. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एक बाई, माझ्याच वयाची, हाताला पीठ तसंच, रस्ता ओलांडून आली. ती काय म्हणते ते नात सईनं सांगितलं. "आबा, ही बेल फक्त कोणी डाय झालं की वाजवतात. शी इज आस्किंग, हू?"

प्रशांतनं किती वेळा सॉरी म्हटलं. कोणी गेलं नाही, वडिलांची चूक झाली. बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं. म्हणाली, घंटा ऐकली की आम्ही हातातलं काम टाकून मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणतो. ती म्हणून झाली. आता त्या प्रार्थनेला मेलेल्याचं नाव हवं. नाव मिळेपर्यंत ती थांबून राहते.

मग ती आमच्या गाडीपाशी गेली. सौ.नं काच खाली केली. दोघी बोलत राहिल्या. सौ.ला इंग्रजी ते किती येतं! वाटेत विचारलं, काय बोललात? "बायकांचं काहीतरी."

रवि. २०
चर्च थंडगार होतं. दोरी गरम लागली. नुकतीच कुणाच्या हातून सुटल्यासारखी. हे कुणाला सांगितलेलं नाही.
प्रशांत म्हणतो, "बाबा, प्लीज, आईसमोर हा विषय नको." मी नाही काढला. तिनंच काढला, मेथी निवडता निवडता. "पुढच्या वेळी प्रसादही मागा." हसली. मग दम लागला.

मंगळ. २२
ठरलं. नाव माझं द्यायचं. सातवी शिकलो, पिठाची गिरणी चालवली, पोराला इंजिनिअर केलं. राहिलं काय माझं? प्रशांतला म्हटलं, परत ने मला तिथं. "बाबा, पाच तासांचा ड्राइव्ह आहे. आर यू सिरियस?" सूनबाई म्हणाली, सर्जरी झाली की सगळे जाऊ. नंतर जाऊन काय उपयोग.

बुध. २३
सईला गळ घातली. सौ. आंघोळीला गेल्यावर तिनं चर्चला फोन लावला. तीच बाई बोलली. मी शेजारी उभा, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव मनात घोकत. सई नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "आबा, नाव मिळालंय म्हणते. आजीनं दिलं. गाडीतून."
"कुणाचं?"
"ते नाही सांगितलं. प्रायव्हेट आहे म्हणाली. पण आता चेंज होत नाही."
बाथरूममधला पाण्याचा आवाज बंद झाला होता.

गुरु. २४
दिवसभर तिच्या मागे मागे. विचारवलं नाही. तिनं मला इथला स्टोव्ह लावायला शिकवलं. "सूनबाई ऑफिसला गेल्यावर चहा कोण देणार तुम्हाला?" बरोबर आहे. तरी मी स्टोव्ह बंद करून टाकला.
तिनं माझं नाव आयुष्यात एकदाच घेतलंय, लग्नाच्या पंगतीत, उखाण्यात. नंतर "अहो", नाहीतर "प्रशांतचे बाबा". व्हिसाच्या खिडकीवरसुद्धा माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं. म्हणजे गाडीतून माझं दिलं नसणार. मग तिचं स्वतःचंच. दुसरं कुणाचं देणार?

शुक्र. २५, हॉस्पिटल
न्यायच्या आधी नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे, नाव काय? प्रशांत सांगणार, तेवढ्यात सौ.च बोलली. "रामचंद्र." माझं नाव. स्पष्ट. जीभ अडखळली नाही, लाजली नाही. आधी एकदा कुठंतरी बोलून मोकळी झाल्यासारखी.
मला हायसं वाटायला हवं होतं. तेच तर मागत होतो.
माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती. दार बंद झालं.
प्रशांत म्हणतो, बाबा, असे पांढरे का पडलात, बसा.
बसलोय.