अम्मा सीमंताला का येत नाही

अनकापल्ली, ५ जून १९६८

ती. अन्नय्यास भ्रमरेचा साष्टांग नमस्कार,

सातवा लागला. पहिल्या दोन्ही खेपा पाचव्यातच गेल्या, त्यामुळे सासूबाई मला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. अठ्ठावीसला सीमंत. पहिली बांगडी आईने भरायची, आणि अम्मा कळवते, जमणार नाही, वहिनी येईल. माहेरी येते म्हटलं तर म्हणे आत्ता नको, नवव्यात बघू. तेनालीहून आलेली कासुलम्मा सांगत होती की अम्मा हल्ली घरातसुद्धा डोक्यावर पदर घेते. हा कुठला नवा रिवाज? मी तिला नकोशी झालेय का?

खरं लिहिलंस तर भावावरची माया दुप्पट करीन.
भ्रमरा

तेनाली, ९ जून

चि. भ्रमरेस अनेक आशीर्वाद,

अम्मा ठणठणीत आहे. पदर उन्हामुळे. तू पोलिसात जायला हवी होतीस. वहिनी उडदाचे लाडू घेऊन येईल, ते खा आणि डोकं शांत ठेव.

रागाबरोबर थोडा लोभही ठेव.
कामेशम

अनकापल्ली, १२ जून

ती. अन्नय्यास नमस्कार,

घरात कसलं ऊन? नान्नांनी दोन महिन्यांत लेकीला एक अक्षर लिहिलं नाही. आपल्यात बाईवर डोकं झाकायची वेळ कधी येते, हे मला कळतं. नान्ना आहेत ना? नसतील तर पोटुशीपासून लपवू नकोस.

भ्रमरा

तेनाली, १५ जून

चि. भ्रमरे,

नान्ना समोर बसून पेपर वाचताहेत. त्यांनीच आता लिहून टाक म्हटलं.

तुझा पाचवा सुखरूप सरला तर केस वाहीन, असा अम्माने तिरुपतीला नवस बोलला होता. सवाष्णी तीन बटा देतात, देवाला तेवढं चालतं. आम्ही परोपरीने समजावलं. ती म्हणाली, मला नातवंड पुरतं हवंय, मग केस कसे अर्धवट देऊ? गुडघ्यापर्यंतची वेणी गेली. आता तसल्या डोक्याने सीमंतात उभी राहिले तर लोक विधवा समजतील, पुढे काही कमीजास्त झालं तर माझ्याच पायगुणावर येईल, म्हणून ती भिते. नवव्यापर्यंत केस जरा वाढतील, या आशेवर बसलीय.

आमच्यावर राग धरू नकोस.
कामेशम

अनकापल्ली, १८ जून

ती. अन्नय्यास,

आईला माझी माया नाही, असं मी सासूबाईंना सांगून बसले होते. माझी मलाच लाज वाटते. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या उठून ट्रंक भरायला लागल्या. उद्याच्या गाडीने हे पत्र घेऊन त्या अम्माला आणायला स्वतः येताहेत. म्हणाल्या, माझ्या दारात विहिणीला कुणी अपशकुनी म्हटलं, तर तसं म्हणणारी बाई न जेवता परत जाईल.

अम्माला सांग, पहिल्या बांगडीसाठी मी दुसऱ्या कुणापुढेही हात करणार नाही. तिची वाट बघतेय.

तुम्हा सगळ्यांची,
भ्रमरा