डेल्मरचं सहा सिलिंडरचं इंजिन

मोआब, युटा
ता. ४ एप्रिल २००७

ती. ओर्व्हल काकांस,
जेरिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलं तरी आलं नाही म्हणता, म्हणून कागदावरच पकडते. कानाचं यंत्र कानात घालत जा, खिशात ठेवून ते चालत नाही.

बातमी अशी, की बाबांची जीप उभी राहिली. दोन वर्षं पत्रा ठोकून ठोकून मी तिला माणसात आणली. आता एकाच ठिकाणी घोडं अडलंय. पंधरा मेला बाबांना जाऊन सात वर्षं होतील. त्या दिवशी मला म्यूल इअरचा तोच खडकाळ चढ चढायचाय, जिथे बाबांची जीप उलटली; तुम्हीही या. इंजिनात दम नव्हता म्हणून बाबा गेले, हे तुम्हीच सांगत आलात. मग दम आणायचा कुठून? एक तर बाबांचं इंजिन तसंच ठेवून त्याला सुपरचार्जर बसवायचा, म्हणजे जास्तीची हवा कोंबून त्याच्याकडून जास्त काम करून घ्यायचं. नाहीतर ते काढूनच टाकायचं आणि एका ठोकलेल्या पिकअपचं आठ सिलिंडरचं मिळतंय, ते घालायचं. मला आठवालं हवंय. आई सुपरचार्जरवर अडून बसलीय. त्या इंजिनाचा एकेक बोल्ट बाबांनी आवळून वर पिवळी रेघ मारलीय. त्या रेघा भंगारात गेल्या तर मी तुझ्याशी बोलणार नाही, असं तिने चक्क सुनावलं.

आणखी एक, हसू नका. सकाळी न्याहारीला बसलो की शेडमधून टिक टिक ऐकू येतं, तापलेलं इंजिन बंद केल्यावर येतं तसं. जीप तर आदला दिवसभर हललेलीही नसते. मी म्हणते, छपराचा पत्रा उन्हाने तापत असेल. आई मात्र कोकोचा एक कप जास्तीचा मांडते.

तुमचं मत लवकर कळवा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
जेरिका

ता. क. माझ्या पदवीचे फोटो बघत होते. एकातही तुमचा उजवा हात खिशाबाहेर नाही. एवढं काय लपवलंय त्यात?


एल्को, नेव्हाडा
ता. १२ एप्रिल

चि. जेरिका हिस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र खिशातच बरं. गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांची रड तरी ऐकावी लागत नाही.

इंजिन बदल. दुसरा विचारच नको. ज्याने माझा भाऊ खाल्ला त्याला तुम्ही मायलेकी जपताय कशाला? आठवालं जड आहे, पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील, रेडिएटर मोठा लागेल; सगळं मागच्या पानावर लिहिलंय. वहिनी ऐकत नसतील तर प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते त्यांच्यासमोर मोज. आकडा कमीच भरेल. अशा दमलेल्या इंजिनात आणखी हवा कोंबली तर ते फुटेल, हे त्यांनाही पटेल.

पंधरा तारखेला मला जमणार नाही, गुडघा धरलाय. आणि त्या टिक टिकबद्दल मला पुन्हा लिहू नकोस.

आहे तशीच राहा, आणि काकावर राग धरू नकोस.

तुझा,
ओर्व्हल काका


मोआब
ता. २० एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मोजलं. एकदा नाही, तीनदा. सहाच्या सहा सिलिंडरचा दाब एकशे तीस ते एकशे छत्तीस पौंडांच्या मधे. माझ्या गेजवर विश्वास बसेना म्हणून शेजारच्यांचं आणलं, तरी तेच. बाबांनी बांधलेलं इंजिन ठणठणीत आहे, काका. पेट्रोल, ठिणगी, सगळं तपासलं. कशातच बिघाड नाही.

आई बाजूला उभी होती. आकडे लिहिलेला कागद तिने घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला आणि आत गेली. मग मला एकच विचारलं, ते आता मी तुम्हाला विचारते. त्या दिवशी चढावर बाबांच्या समोर तुम्ही उभे होतात. मग ते इंजिन बंद का पडलं?

उत्तराची वाट बघते. गुडघ्याचं कारण नको.

जेरिका


एल्को
ता. २९ एप्रिल

चि. जेरिका आणि श्रीमती लव्हॉन वहिनी यांस,

आशीर्वाद आणि नमस्कार लिहायची आज लाज वाटते.

त्या चढावर गाडीतल्या माणसाला फक्त आभाळ दिसतं. तो समोर उभ्या माणसाचे हात बघतो आणि त्यावरच चालवतो. तळवा वर गेला की थांबायचं, विचारायचं नाही. आपल्या जीपवाल्यांत ही शपथेसारखी गोष्ट आहे. डेल्मर माझे हात बघत होता आणि छान चढत होता. तेवढ्यात वाऱ्याने माझी टोपी उडाली. ऊन थेट डोळ्यांत आलं. मी उजवा हात वर केला, डोळ्यांवर सावली धरायला.

तो थांबला. मधोमध, जिथे कधीच थांबायचं नसतं तिथे. का थांबवलं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी ये, ये केलं. त्याने क्लच सोडला, इंजिन गचकन बंद पडलं, जीप मागे घसरली, आडवी झाली आणि गडगडत गेली.

लोकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, की इंजिनात दम नव्हता. नंतर ते बदलता आलं नाही. आठवालं घाल म्हणालो ते एवढ्यासाठीच. साक्षीदार भंगारात गेला असता.

तो गेला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. उलटी पडलेली जीप थंड होत होती. टिक टिक. जेरिका, कानातून सगळं गेलं, तेवढं राहिलंय. यंत्र घातलं की तेच मोठ्याने ऐकू येतं, म्हणून घालत नाही. हात खिशात का असतो, तेही आता कळलं असेल.

लोभ मागायचा हक्क मला उरला नाही.

ओर्व्हल


मोआब
ता. ६ मे

ती. ओर्व्हल काकांस,
जेरिकाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. चार दिवस ती तुमचं नाव घेईना. मीही फार रागावले होते, आणि अजून आहे. खोटं कशाला लिहू? पाचव्या दिवशी ती शेडमधे गेली. बॉनेट उघडून एकेका पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सात वर्षं मी ह्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. ह्याने काही केलं नव्हतं."

आठवाल्याला मी नको म्हणून कळवलं. सुपरचार्जर बसवेन, पण नंतर. पंधरा तारखेला बाबांचं इंजिन जसं आहे तसंच वर जाईल.

समोर हात दाखवायला कोण, असं मी आईला विचारलं. मग तिने तुमचं नाव घेतलं. तेव्हा तुम्हालाच यायचंय. मी फक्त तुमचे हात बघणार.

टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी आईने शिवलीय. सोबत पाठवते. नीट बांधून या.

तुमचीच,
जेरिका