गोदाआत्तीची बोटं

गोदाआत्ती,
लांबनंच पाया पडतो.

निपाणीत तू बिड्या वळायचं सोडलंस, तरी तुझा अंगठा बोटावर घोळतच ऱ्हायला. मी गल्लीत नक्कल केली, "बघा रं, आमची आत्ती रिकाम्या हातानंबी बिड्या वळती!" समदी हसली. तूबी "मुडद्या" म्हणून हसलीस, आन् हात पदराखाली घातलास. दोन वर्सं कुणाला दावलाच न्हाईस.

मग बेळगावच्या डाक्टरनी सांगितलं, मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतंय, ते सांगंल तसं हातपाय हालत्यात. तुझं ते आटत चाललंय. "एवढा उशीर का केला?" म्हणले. मी खाली बघितलं.

आता तू लोंढ्याला, लेकीकडं. काल व्हिडिओ कॉलवर मी माकडागत तोंडं केली. तुझा चेहरा हाललाच न्हाय. तुझी प्रणिता म्हणली, "दादा, ह्या रोगात चेहराबी आखडतो. आई आतनं हसती."

खरंच हसतीस, का त्या नक्कलंचा राग हाय अजून? कालपास्नं डोळं मिटलं की तुझं तेच तोंड दिसतंय.

हे पत्र टाकत न्हाय. तू "राग न्हाय रं" म्हणशील. पन ते खरं का खोटं, हे मी आजवर तुझ्या चेहऱ्यावरच वाचत आलोय.

तुझा मुडद्या,
रायाप्पा