नवतपातल्या नऊ पुड्या

लकडगंज, नागपूर
२८ मे १९७८

सौ. कौसल्या,

तू सांगितलेलं आणि गोपिकाने लिहिलेलं कार्ड काल मिळालं. तिचे पाय सुजले आहेत, जावईबापूंची रात्रपाळी चालू आहे आणि भिलाईचं ऊनही आपल्यासारखंच आहे, सगळं कळलं. मी मजेत आहे. चौतीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या गावोगावच्या खणांत टाकल्या, पण स्वतःच्या बायकोला लिहायची वेळ निवृत्तीनंतर आली. काय लिहावं हे सुचत नाही. गोपिका तुला वाचून दाखवते आहे, तेव्हा तिलाही माझा आशीर्वाद.

नवतपा लागला आहे. नऊ तापत्या दिवसांतला आज चौथा. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खिडक्यांवरच्या खसच्या ताट्यांवर मी तासातासाला पाणी मारतो. वरण-भात जमतो, पोळी जमत नाही. परवा शेजारच्या तुळसाबाईंनी भाकरी आणून दिली आणि वर चार घरी सांगितलं की महादेवराव वाळले. मी वाळलेलो नाही.

आता भुऱ्याचं. तुला त्याचीच काळजी असणार. बातमी चांगली आहे. पाणी कमी पितो, आणि गेल्या दोन रात्री घरात एक थेंब मुतला नाही. तुझ्या वेळी दिवसाला बादली संपवायचा, आठवतं? भूकही आवरली आहे, नाहीतर शेपूट आपटत माझ्या ताटावर डोळे लावून बसायचा. ते गोळ्यांनी सुटलेलं पोट तेवढं अजून तसंच आहे.

तुळसाबाई विचारत होत्या की याला नेमकं झालं आहे काय. दिवाळीपासून सात महिने मी तेच ऐकतो आहे, तरी मला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले होते ना, हजारात एखाद्या कुत्र्याला होतं, त्याचं शरीरच त्याच्या रक्ताला परकं समजून मारत सुटतं, आणि गोळी त्या शरीराला दटावून गप्प बसवते. आता हे तुळसाबाईंना कसं सांगायचं? मी म्हटलं, रक्ताचा आजार आहे. त्या म्हणाल्या, "मंग बीट द्या त्याले."

तू बांधून ठेवलेल्या पुड्यांचा डबा फडताळात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरची जूनअखेरपर्यंतची पानं फाडून एकेका पानात त्या त्या दिवसाची गोळी बांधलीस खरी, पण भिंतीवर आता नुसता पुठ्ठा लटकतो आहे. आज तारीख काय, हे बघायलाही मला डबा उघडावा लागतो.

बाकी क्षेम. बाळंतपण नीट पार पडू दे.

महादेवराव

२ जून १९७८

सौ. कौसल्या,

तार मिळाली! मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत हे वाचून मी तारवाल्याला बसवून पन्हं पाजलं. तो माझ्या हाताखालचाच पोऱ्या होता, आता त्याचे केस पिकायला आले. गल्लीत पेढे वाटले. मोठ्या आनंदाचा दिवस, आणि मी आपला उगीच घरात येरझारा घालत होतो.

भुऱ्या ठीक आहे. तसा झोपूनच असतो. ऊनच इतकं आहे की माणसंसुद्धा झोपून असतात. काल आणि आज जेवला नाही. दूधभात पुढे ठेवला तर वास घेतला आणि तोंड फिरवलं. तुळसाबाई म्हणतात, "लू लागली असन त्याले, भाऊजी. कांदा बांधा गळ्यात." बांधला. कांदा गळ्यात घेऊन तो माझ्याकडे असा बघत होता की मीच तो सोडून टाकला.

एक विचारायचं होतं. घाबरू नकोस, सहजच विचारतो. समजा एखाद्या दिवशीची पुडी राहून गेली, तर डॉक्टर काय म्हणाले होते? तू तेव्हा आत त्यांच्यापाशी उभी होतीस आणि मी बाहेर सायकल धरून होतो. ते काहीतरी म्हणाले होते आणि तू मला घरी येईपर्यंत सांगत होतीस. पण माझं लक्ष नव्हतं, हे आता कबूल करतो. कमी करायची तर हळूहळू, असं काहीसं होतं का? की तो दुसऱ्या कुठल्या औषधाचा विषय होता?

उत्तराची घाई नाही. बाळाचा चेहरा कोणासारखा आहे ते कळव.

महादेवराव

ता. क. उत्तर लवकर पाठवलं तरी चालेल.

६ जून १९७८

कौसल्या,

हे पत्र गोपिकाकडून वाचून घेऊ नकोस. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. बसच्या पाट्या वाचतेस तसं एकेक अक्षर लावून वाच. वेळ लागला तरी चालेल, पण एकटी वाच.

भुऱ्या जिवंत आहे. ते आधी सांगतो.

तीन तारखेला सकाळी तो उठला नाही. हाक मारली तर शेपूट हलवली, पण पाय त्याच्या ताब्यात नव्हते. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्या, वहीच्या कागदासारख्या. डोळ्यांत पिवळं. अंगाखालची लघवी चहाच्या रंगाची. मी त्याला तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून सायकलरिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या कधी बंद केल्या?"

मी म्हटलं, नवतपा लागला त्या दिवशी.

त्यांनी त्याच्या छातीला नळी लावली. मग म्हणाले, "काहून?"

मी सांगितलं की गोळी गरम असते. नवतपात अंगात गरम औषध जाऊ नये असं आमच्याकडे मानतात. नऊच दिवस बंद ठेवणार होतो, नवतपा सरला की पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, "महादेवराव, या गोळीले गरम-थंड काही नसते. सात महिने बाहेरून आयतं मिळत होतं, तर अंगानं आपलं बनवणं सोडून दिलं. तुम्ही एकदम बंद केली. आता अंगाजवळ स्वतःचंही नाही आणि गोळीचंही नाही. आणि वरून जुना आजार उसळला." मी मान हलवत होतो. मला अर्धं समजलं. मग सलाइन, सुई. कुत्र्याला सलाइन लावतात हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी म्हणाले, घरी न्या, पंधरा दिवस काही सांगता येत नाही.

तुला तार करायला पोस्टात गेलो होतो. फॉर्म हातात घेतला. हजारो तारा मी हाताखालून घातल्या, पण आपल्या तारेत काय लिहायचं ते कळेना. 'भुऱ्या आजारी' लिहिलं तर तू ओली बाळंतीण सोडून गाडीत बसशील. 'भुऱ्या ठीक' लिहिलं तर ते आणखी एक खोटं. फॉर्म फाडला.

आता पुढचं. नवतपाचं जे मी डॉक्टरांना सांगितलं, ते पूर्ण खरं नाही.

गरम औषधाची गोष्ट मी मानतो, हे खरं आहे. पण त्या दिवशी तिचा मी आधार घेतला. चोवीस तारखेच्या रात्री तो तीनदा घरात मुतला. तीनदा उठून मी फरशी पुसली. माझे गुडघे तुला माहीत आहेत. पहाटे तो चौथ्यांदा दारापाशी जाऊन उभा राहिला आणि मी त्याच्या पाठीत चप्पल घातली. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो ओरडलासुद्धा नाही. येऊन माझ्याच पायाशी बसला. सकाळी डबा उघडला, पंचवीस तारखेची पुडी काढली आणि परत ठेवली. मनात म्हटलं, नवतपा आहे. आणि त्याच्याही खाली, कौसल्या, मनात असं आलं की ऊन असं आहे, तो आजारी आहे, आपोआप झोपेत गेला तर कोणाचाच दोष नाही. तुझी सुटका, त्याची सुटका, माझीही. हे मी मनात आणलं. एकदा नाही, नऊ सकाळी.

आणि मग पहिल्या पत्रात तुला लिहिलं की बातमी चांगली आहे. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, की मी तसं मानून घेत होतो, हे मला अजून ठरवता येत नाही. तो कमी पाणी प्यायला लागला म्हणून मी खूश होतो. मला वाटलं, बघा, गोळीच खराब होती.

सुटका कशात आहे तेही मला कळत नाही. गोळी दिली की फुगतो, धापा टाकतो, रात्रभर तहान तहान करतो. नाही दिली तर हे असं. डॉक्टरांना विचारलं, असं किती दिवस? म्हणाले, "जिवंत असेपर्यंत, हळूहळू कमी करत." मी विचारलं, याला बरं होणं म्हणायचं का? ते म्हणाले, "तो शेपूट हलवते का?" मी म्हटलं, हलवतो. ते पुढच्या म्हशीकडे वळले.

तीन तारखेच्या रात्री गोळी द्यायची होती आणि तो तोंड उघडेना. गुळात दिली, थुंकली. भाकरीत दिली, थुंकली. मी रडकुंडीला आलो. मग मला तुझं आठवलं. तू कशी त्याच्यासमोर फतकल मारून बसायचीस आणि म्हणायचीस, "घे गा बाप्पा, तुयाच जिवासाठी हाय." मी हसायचो तुला, कुत्र्याला काय समजतं म्हणून. गुडघे दुखत होते तरी खाली बसलो. दार लोटून घेतलं, तुळसाबाईंनी ऐकू नये म्हणून, आणि तुझ्यासारखंच म्हटलं. पहिल्यांदा त्याने मान फिरवली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने घेतली आणि माझा तळवा चाटला. त्याच हाताने मी चप्पल उचलली होती.

आज चार घास वरण-भात खाल्ला. रात्री दोनदा मुतला. मी दोन्ही वेळा उठलो. डॉक्टर म्हणतात, अजून काही खरं नाही. मीही तुला काही खरं-खोटं सांगत नाही.

बाळाचे दहा-वीस दिवस होईपर्यंत तू येऊ नकोस. गोपिकाला तुझी गरज आहे. पण येशील तेव्हा भांडत ये. सगळी गल्ली ऐकू दे.

पंचवीस मेपासून दोन जूनपर्यंतच्या नऊ पुड्या डब्यात तशाच आहेत. फेकून दिल्या असत्या तर तुला कधीच कळलं नसतं, हेही मी मनात आणून पाहिलं. आता रोज जास्त गोळ्या लागतात. डॉक्टर म्हणाले, या नऊच वापरा, नव्या कशाला आणता? मी नव्या आणल्या. त्या नऊ मला तुझ्या हातात द्यायच्या आहेत.

तुझ्यासमोर फतकल मारून बसेन, तेव्हा हाकलू नकोस.

तुझा
महादेव