दोन विमानं आणि आई

टोरांटो

आदरणीय अण्णा,
सविनय जयभीम.

मी नीट पोचले. दोन वेळा जेवते. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना? प्रसेनजितदादा तुमच्याजवळच झोपतो ना?

निघताना उमरग्याच्या स्टँडवर तुम्ही विचारलंत, "हिंमतरावांची निकिता त्याच कंपनीच्या इमानानं थेट दिल्लीला आली. मग तुझंच वाटंत कसं थांबलं?" तेव्हा बस सुटत होती, म्हणून आता लिहिते.

अण्णा, ती दोन्ही विमानं एकाच घराण्यातली. माझं जास्त लांब होतं, त्यात माणसं जास्त बसतात. पण तेलाच्या टाक्या तेवढ्याच, आणि उडताना एकूण वजनाची हद्दही तेवढीच. माणसं, सामान वाढलं की तेल कमी भरावं लागतं. म्हणून लांब विमानाचा पल्ला कमी. त्या दिवशी ते भरलेलं होतं, समोरून वारा होता, तेलासाठी मध्येच उतरलं. दिल्लीहून हैदराबादचं विमान चुकलं. मी मुरुमला घरी आले तेव्हा तुम्ही आईला स्मशानात नेलं होतं.

हे सगळं खरं आहे. पण एक सांगायचं राहिलं. आई आजारी असल्याचा दादाचा पहिला फोन सोमवारी आला, तेव्हा आई अजून बोलत होती. "सुट्टी मिळंल तवा ये, लई घाई करू नको," म्हणाली. मंगळवारच्या थेट विमानात जागा होती. मी आईचं ऐकलं आणि गुरुवारचं तिकीट काढलं.

विमानाला बोल लावू नका, अण्णा. मला रागवा. पण फोन उचलत जा.

तुमचीच,
रोहिणी