बाबांचा बिघडलेला स्पीकर

१२ मार्च

प्रिय दादा,

तू आणि वहिनी बरे असाल. माझंही ठीक चाललंय. फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसू नकोस.

बैठकीतला बाबांचा लाकडी स्पीकर कुठल्या कंपनीचा, किती जुना, ते तू विचारलं होतंस. जुन्या वस्तूंचं वेड तुला आणि स्टुलावर चढायचं मी! शेवटी रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनाच घरी बोलावलं. त्यांनी तो उतरवला, मागची फळी उघडली आणि आतली एकेक वायर तपासली. कंपनीचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं. मग म्हणाले, "ताई, हा बोलायला लावलेला नाही. ऐकायला लावलाय."

स्पीकर उलटा जोडला की त्याचा माईक होतो म्हणे. वायर भिंतीतून बाहेरच्या खांबावर जाते. लाइन अजून चालू आहे, असं काका बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. चहाही न घेता निघाले.

बाबा तो रोज पुसायचे, पण कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांना माहीत नसेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. पण आयुष्यभर टेलिफोनच्या तारा जोडणारा माणूस तो. आणि आठव, घरातलं महत्त्वाचं बोलायचं असलं की आपल्याला मोरीत न्यायचे, नळ सोडायचे. आईचा आजारसुद्धा तिथेच सांगितला. आपण किती टर उडवायचो त्यांची.

तुझे मित्र संपाचं बोलायला जमायचे तेव्हा मात्र मोरी नाही. बाबा स्वतः स्पीकरच्या भिंतीशी खुर्च्या मांडायचे. "इथे बसा रे, वारा येतो."

त्यांच्यातल्या लंबूला पोलिसांनी उचलून नेलं, तो परत आलाच नाही. चुगली चष्म्यानेच केली असं धरून तू आजवर त्या मित्राचं तोंड पाहिलं नाहीस. दादा, चष्म्याने काही केलं नव्हतं. बाबांवर माझा फार जीव होता, अजूनही आहे, आणि त्याचाच संताप येतोय.

काका गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक माणूस आला. बाबांच्या ऑफिसातला म्हणाला. बोलायला अगदी मऊ. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याने स्पीकर होता तिथे पुन्हा लावला. वडिलांची आठवण आहे, राहू द्या, म्हणाला. चपला घालता घालता त्याने विचारलं, "राजे कधी येणार आहेत?"

तुला राजे फक्त मी म्हणते. तेही फोनवर, त्याच भिंतीशी बसून. तुझ्या तिकडच्या आताच्या संपात कोण कोण आहे, तेही मी तिथूनच नावं घेऊन विचारलंय.

इकडे येऊ नकोस. त्या सगळ्यांना सावध कर आणि चष्म्याकडे जा. समोर बसून सांग त्याला.

रविवारी नेहमीसारखा फोन कर. मी म्हणेन, स्पीकर म्हणजे नुसता जुनाट खोका निघाला. तू हळहळ. मग बाबा किती भले होते, ते दोघं बोलू. जमेल आपल्याला. त्यांचीच मुलं आहोत.

तुझी,
धाकटी